मेद भरपूर, पण अंगी लागला नाही: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही हकिगत पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंची आहे. ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि आजारपणाचे काही तपशील बदलले आहेत. आहाराचा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी बाईंची मोठी शस्त्रक्रिया झाली. आतड्यांत शोषलेला मेद रक्तापर्यंत पोचवणारी मुख्य लसीकावाहिनी (लसीका म्हणजे लिम्फ), म्हणजे थोरॅसिक डक्ट, छातीत अन्ननलिकेला जवळजवळ खेटूनच वर चढते. सर्जनचा हात कितीही सरावलेला असला तरी ही नाजूक नळी कधीकधी दुखावते. इथे तेच झालं. आतड्यात बसवलेल्या नळीतून आहार सुरू केल्यावर छातीतल्या ड्रेनमधून दुधासारखा पांढरा द्रव यायला लागला. त्यातले ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या बरेच पुढे निघाले आणि निदान पक्कं झालं: मेदयुक्त लसीका, म्हणजे काइल, छातीत गळते आहे.

प्रौढ माणसाच्या थोरॅसिक डक्टमधून दिवसाला २ ते ४ लिटर द्रव वाहतो. जेवणात मेद जास्त असेल तर प्रवाह वाढतो. म्हणून पहिला उपाय ठरलेलाच असतो. आतड्यांतून जाणारा मेद थांबवायचा, प्रवाह मंदावू द्यायचा आणि फाटलेली जागा आपोआप बुजते का ते पाहायचं. फाइलवर दोन शब्दांचा आदेश लिहिला गेला: ‘मेद बंद’. पुढचं सगळं या दोन शब्दांभोवती फिरलं.

पहिले दोन आठवडे बाईंना शिरेतून पोषण दिलं गेलं, ग्लुकोज आणि अमिनो आम्लं. शिरेतून द्यायचं मेदाचं पांढरं द्रावण त्यात घातलं नाही, कारण फाइलवर ‘मेद बंद’ होतं. त्यानंतर नळीतून मेदरहित आहार सुरू झाला. मेदविरहित प्रथिनांची भुकटी, पिष्टमय पदार्थ, जीवनसत्त्वं आणि ऊर्जेसाठी एमसीटी तेल, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीचे ट्रायग्लिसराइड. ही मेदाम्लं लसीकेची वाट धरत नाहीत, आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात. काइल गळत असताना एमसीटी तेल देण्यामागचं तर्कशास्त्र बिनतोड आहे आणि ते अगदी योग्य कारणासाठी दिलं गेलं.

ड्रेनमधला द्रव निम्म्याहून कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही. बाई नळीच्या आहारावर घरी गेल्या. वजन टिकलं होतं. सगळे समाधानी होते.

अडचण

सहाव्या आठवड्याच्या आसपास नडग्यांवरची कातडी कोरडी पडून कोंड्यासारखी सुटायला लागली. मग तेच नाकाच्या कडेला, काखेत, डोक्यावर. केस हातात यायला लागले. ड्रेनच्या शेजारची जुनी जखम भरत आली होती, ती पुन्हा ओली झाली. हातापायांना मुंग्या येत होत्या. रक्तात प्लेटलेट हळूहळू उतरत होते आणि यकृताची विकरं (एन्झाइम) थोडी वर होती.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर तिला दुसरं एखादं कारण चिकटवता येत होतं, आणि तशी ती चिकटवलीही गेली. कातडीसाठी प्रतिजैविकाची ॲलर्जी, केसांसाठी शस्त्रक्रियेचा ताण, जखमेसाठी जंतुसंसर्ग, मुंग्यांसाठी कर्करोगावरची आधीची औषधं. स्टिरॉइडचं मलम दिलं गेलं. दहाएक दिवसांत काडीचाही फरक पडला नाही.

त्यानंतर पोषणाचा विचार झाला, पण तोही आधी जस्तापाशी थांबला. हा अंदाज वाईट नव्हता. गळतीतून जस्त जातं आणि त्याच्या कमतरतेतही पुरळ येतं. फक्त ते पुरळ बहुधा तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या टोकांना उठतं, आणि जस्त मिळालं की बऱ्यापैकी लवकर ओसरतं. बाईंचं पुरळ वेगळ्या जागी होतं, आणि जस्त देऊनही ते हललं नाही.

पोषण चमूकडे प्रकरण आलं ते या टप्प्यावर. पहिल्या भेटीत मुलीने जे विचारलं तो खरं तर निदानाचा प्रश्न होता: “मॅडम, रोज मोजून तेल घालतोय आईच्या आहारात, एक दिवस चुकवलेला नाही. तरी अंग असं भेगाळलंय कसं?”

तक्ता काय सांगत होता

आहाराचा तक्ता पाहिला तर मुलीचं म्हणणं बरोबर होतं. दिवसाला साधारण १८०० कॅलरी. त्यात ५० ग्रॅम एमसीटी तेल. त्याच्या एका ग्रॅमला सुमारे ८.३ कॅलरी धरल्या तर एकूण ऊर्जेपैकी २३ टक्के ऊर्जा मेदातून येत होती. कोणत्याही तपासणीत हा आकडा शोभून दिसला असता. ‘मेद’ या रकान्यात ५० लिहिलं होतं आणि सहा आठवडे ते वाचणाऱ्या प्रत्येकाला तिथे प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं.

पण एमसीटी तेलात असतात ती ८ आणि १० कार्बनची संपृक्त मेदाम्लं. ती जळतात, ऊर्जा देतात आणि संपतात. शरीराला जी दोन मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत, ती यात नाहीत. एक लिनोलेइक आम्ल, ओमेगा-६ कुळाचं मूळ. दुसरं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ओमेगा-३ कुळाचं मूळ. दोन्ही १८ कार्बनची. साखळीच्या ठरावीक जागी दुहेरी बंध घालणारी विकरं वनस्पतींकडे असतात, माणसाकडे नसतात. त्यामुळे ही दोन बाहेरूनच यावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्लं म्हणतात. बाईंच्या आहारात दोन्हींचा आकडा शून्याच्या जवळ होता.

कातडीवर याचा परिणाम आधी दिसतो त्यालाही कारण आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातलं पाणी धरून ठेवणारे सेरामाइड नावाचे खास मेद बनायला लिनोलेइक आम्लच लागतं, दुसरं चालत नाही. ते मिळालं नाही की थर सच्छिद्र होतो, पाणी उडून जातं, कातडी सोलपटते. १९२९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेद पूर्ण काढून टाकलेला आहार दिला, तेव्हा त्यांनाही आधी खवल्यांची कातडी आणि सडणाऱ्या शेपट्याच दिसल्या. तोवर मेद म्हणजे निव्वळ जळण, ते काम साखरेवरही भागेल, असा समज होता. जवळपास शतकानंतर आपले आहाराचे तक्ते तोच समज जपून आहेत, असं मला वाटतं. कॅलरी भरल्या की रकाना भरला.

एक शंका, जिने निदान लांबलं असतं

चमूतल्या एका डॉक्टरांनी आक्षेप घेतला, आणि तो विचार करायला लावणारा होता. बाई चांगल्या अंगाच्या होत्या. शरीरात २० किलो चरबी सहज असेल. माणसाच्या चरबीत लिनोलेइक आम्लाचं प्रमाण साधारण १० टक्के धरलं, तर दोन किलो साठा झाला. रोजची गरज काही ग्रॅमची. मग सहा-आठ आठवड्यांत कमतरता येईलच कशी?

उत्तर साठ्यात नाही, कुलपात आहे. चरबीच्या पेशींतून मेदाम्लं बाहेर पडायची तर इन्सुलिन खाली यावं लागतं. बाईंना आधी चोवीस तास ग्लुकोज शिरेतून चालू होतं आणि नंतर पिष्टमय आहार पंपाने रात्रभर व दिवसाही सलग जात होता. इन्सुलिन उतरायला सवडच मिळत नव्हती. कोठार भरलेलं आणि दार बंद, अशी अवस्था. म्हणूनच उपाशी, वाळलेल्या माणसात ही कमतरता सहसा दिसत नाही. तो स्वतःची चरबी वितळवत असतो. सलग साखरेवर ठेवलेल्या, वजन टिकून असलेल्या माणसात मात्र ती दिसते. टिकलेलं वजन इथे दिलासा नव्हता, तीच खूण होती.

जाता जाता एक गोष्ट. अतिदक्षता विभागातल्या पहिल्या काही दिवसांत बाईंना झोपेसाठी प्रोपोफॉल दिलं होतं. हे औषध सोयाबीन तेलाच्या १० टक्के द्रावणात विरघळवलेलं असतं. म्हणजे ‘मेद बंद’ असताना थोडीफार आवश्यक मेदाम्लं त्यांना मिळत होती, कोणाच्याही नकळत. ते बंद झालं तेव्हापासून खरी उपासमार सुरू झाली.

पर्याय

पहिला प्रश्न: तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायचं का? रक्तातली मेदाम्लं गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात. नमुना बाहेर पाठवावा लागणार होता आणि अहवालाला दोन-तीन आठवडे लागणार होते. यात बघायचं असतं ते ट्रायीन-टेट्राईन गुणोत्तर. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल दोन्ही कमी पडली की एरवी त्यांच्यावर काम करणारी शरीरातली विकरं रिकामी बसत नाहीत. ती ओलेइक आम्लाला हात घालतात आणि त्यापासून मीड आम्ल नावाचं तीन दुहेरी बंधांचं मेदाम्ल बनवतात. ते वाढतं आणि चार बंधांचं ॲराकिडोनिक आम्ल घटतं. मेदाम्लांचे अभ्यासक राल्फ होल्मन यांनी १९६० मध्ये या गुणोत्तराची ०.४ ही मर्यादा सुचवली. पुढे बऱ्याच ठिकाणी ०.२ धरली जाऊ लागली. चाचणी चांगली आहे, पण तोवर जखम उघडी ठेवून बसणं कोणालाच पटेना. ठरलं असं की नमुना आधी घ्यायचा, उपचार त्याच दिवशी सुरू करायचे. क्रम उलटा झाला असता तर मेदाचं द्रावण रक्तात असताना घेतलेला नमुना वाया गेला असता.

दुसरा प्रश्न वाटेचा. सर्वांत सोपं म्हणजे नळीतून १०-१५ ग्रॅम सोयाबीन तेल. स्वस्त, सुटसुटीत. पण हे लांब साखळीचं तेल, लसीकेतूनच जाणार आणि अजून न बुजलेल्या भोकातून छातीत सांडणार. सर्जन याला तयार नव्हते. कातडीवर तेल चोळायचा पर्यायही निघाला. त्याने फायदा झाल्याच्या नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत, तशा न झाल्याच्याही आहेत. कातडी मऊ होईल, पण प्लेटलेट आणि जखमेपर्यंत पुरेसं पोचेल याची खात्री कोण देणार?

तिसरी वाट शिरेची, आणि इथे सगळ्यात जास्त वाद झाला. ‘मेद बंद’ आहे ना, मग शिरेतून तरी कसा द्यायचा, असं दोघांनी विचारलं. खरं तर शिरेतून दिलेला मेद आतड्यात जातच नाही, त्यामुळे आतड्यातून निघणाऱ्या काइलमध्ये भर पडत नाही. आदेश आतड्यासाठी होता आणि तो रक्तवाहिनीलाही लागू केला गेला. अडचण उरली ती शिरेची, कारण मोठ्या शिरेतली नळी केव्हाच काढली होती. पण २० टक्क्यांचं मेद द्रावण रक्ताच्या जवळपास समताण (विरघळलेल्या घटकांच्या तीव्रतेत रक्तासारखं) असतं, ते हाताच्या साध्या शिरेतूनही देता येतं. हा मुद्दा निघाल्यावर वाद मिटला.

कोणतं तेल?

शिरेतून द्यायचं ठरलं तरी निर्णय संपला नव्हता. पारंपरिक द्रावण निव्वळ सोयाबीन तेलाचं असतं. औषध विभागात त्या दिवशी होतं ते नव्या पद्धतीचं मिश्र द्रावण: सोयाबीन, एमसीटी, ऑलिव्ह आणि माशाचं तेल एकत्र केलेलं. यकृताला ते सौम्य मानतात आणि बाईंची विकरं वर होती, त्यामुळे तेच द्यावं असा एक सूर होता. पण त्यात सोयाबीन तेल फक्त ३० टक्के असतं. बाटली तेवढीच, रंग तोच, आणि लिनोलेइक आम्ल साधारण तिसरा हिस्सा. कमतरता आधीच आलेली असताना या बाटलीवर भरवसा ठेवला असता तर तक्त्यातला जुना घोटाळा नव्या रूपात परत झाला असता. दोन दिवस थांबून निव्वळ सोयाबीनचं द्रावण मागवलं गेलं.

हिशेब असा मांडला. २५० मिलिलिटर, २० टक्के, म्हणजे ५० ग्रॅम तेल. आठवड्यातून दोनदा, १०० ग्रॅम. सोयाबीन तेलात निम्म्याहून थोडं जास्त लिनोलेइक आम्ल आणि ७-८ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. रोजचं सरासरी काढलं तर लिनोलेइक आम्ल सात-साडेसात ग्रॅम, म्हणजे ऊर्जेच्या साडेतीन टक्क्यांच्या पुढे, आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल ग्रॅमभर, म्हणजे अर्धा टक्का. दोन्हींची गरज भागत होती.

दुसऱ्या आकड्याचा आग्रह धरण्यामागे एक जुनं प्रकरण आहे. १९८२ मध्ये होल्मन आणि सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. बंदुकीच्या गोळीने पोटाला इजा झालेली ही मुलगी बरेच महिने शिरेतल्या पोषणावर होती, आणि त्यातलं मेद द्रावण करडईच्या तेलाचं होतं. लिनोलेइक आम्ल भरपूर, अल्फा-लिनोलेनिक जवळपास नाही. तिला बधिरपणा आला, चालता येईना, नजर धूसर झाली. सोयाबीन तेलाचं द्रावण दिल्यावर लक्षणं गेली. कातडी चांगली आहे एवढ्यावरून दुसरं मेदाम्ल पुरतं आहे असं म्हणता येत नाही. बाईंना मुंग्या येत होत्या, हे आम्ही डोळ्यांआड करू शकत नव्हतो.

केलं ते

आधी रक्तातले ट्रायग्लिसराइड तपासले आणि सोया किंवा अंड्याची ॲलर्जी नाही ना हे विचारून घेतलं, कारण या द्रावणात अंड्यातलं फॉस्फोलिपिड असतं. मेदाम्लांचा नमुना घेतला. मग दिवसभरासाठी दाखल करून आठ-दहा तासांत सावकाश पहिली बाटली दिली. नळीचा आहार सलग न ठेवता रात्री काही तास बंद ठेवायला सांगितलं, म्हणजे इन्सुलिन उतरून शरीराच्या स्वतःच्या साठ्याचं दार थोडं उघडेल. एमसीटी तेल चालूच ठेवलं, पण तक्त्यात त्याचा रकाना वेगळा केला. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वंही काइलबरोबर जात असतात, ती त्याच आठवड्यात वाढवली.

मुलीला समजावणं सगळ्यांत सोपं गेलं. तेल चुकलं नव्हतं, तिने काही चुकवलं नव्हतं, त्या तेलाचं कामच वेगळं होतं. एवढं ऐकून तिने पुढचा प्रश्न टाकला, “मग हे सुरुवातीला का नाही दिलं?” त्याला आमच्यापैकी कोणाकडेच सफाईदार उत्तर नव्हतं.

निष्पत्ती

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नडग्यांवरचे पापुद्रे कमी झाले. ड्रेनशेजारची जखम महिन्याभरात भरली. प्लेटलेट वर आले, यकृताची विकरंही हळूहळू खाली आली. केसांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. मधल्या काळात अहवाल आला आणि गुणोत्तर ०.४ च्याही पुढे होतं. तोवर निदान कातडीनेच सांगून झालं होतं.

गळती मात्र आहाराने थांबली नाही. शेवटी रेडिओलॉजीच्या मदतीने थोरॅसिक डक्ट आतून बंद करावी लागली. त्यानंतर नळीतून आधी थोडं सोयाबीन तेल, मग टप्प्याटप्प्याने साधा मेद सुरू झाला आणि शिरेतलं द्रावण थांबवलं. पुन्हा केलेल्या तपासणीत गुणोत्तर मर्यादेत आलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी तो आदेश. ‘मेद बंद’ ऐवजी ‘आतड्यातून लांब साखळीचा मेद बंद, शिरेतून चालेल, दोन आठवड्यांनी फेरविचार’ असं लिहिलं असतं तर पहिल्याच पंधरवड्यात द्रावण सुरू झालं असतं. अजिबात मेद न मिळणाऱ्या प्रौढात रक्तातले बदल दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतात, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर काही दिवसांतच. मेदबंदीला संपण्याची तारीख नसेल तर ती संपवायची जबाबदारीही कोणाची नसते. सर्जनना वाटतं आहार विभाग पाहील, आहार विभागाला वाटतं आदेश सर्जनचा आहे.

गुणोत्तर सगळ्यांचंच वेळोवेळी तपासावं का, यावर चमूत एकमत झालं नाही. माझ्या मते नको. ज्याच्या आहारातून आवश्यक मेदाम्लं काढली आहेत त्याला ती दुसऱ्या वाटेने देणं हेच करायचं आहे, मग त्यासाठी दोन-तीन आठवड्यांनी येणारा कागद कशाला? तपासणी राखून ठेवावी ती दिल्यावरही लक्षणं न हटणाऱ्यांसाठी.

मुंग्यांचं कोडं मात्र सुटलं नाही. त्या तीनेक महिन्यांत गेल्या, पण ‘ई’ जीवनसत्त्व आणि मेदाचं द्रावण एकाच आठवड्यात सुरू झाल्यामुळे श्रेय कोणाचं हे ठरवता आलं नाही. दोन्हींच्या कमतरतेत मज्जातंतूंची तक्रार असते. उपचार पुढे ढकलायची गरज नव्हती, फक्त त्याच सुईतून ‘ई’ जीवनसत्त्वासाठी आणखी एक नळी रक्त घ्यायला हवं होतं. शिवाय प्रयोगशाळेने कळवलं ते फक्त गुणोत्तर. ते मुख्यतः लिनोलेइक आम्लाची बाजू सांगतं. ओमेगा-३ ची अवस्था कळायची तर संपूर्ण मेदाम्लांचा आलेख मागावा लागतो, आणि मागणीच्या अर्जावर तो रकाना वेगळा असतो.